विक्रीचा मजकूर आणि विणकराचा शब्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात मी चार शब्द बोलावे असे सुचविले, तेव्हा विद्यार्थ्यांचा गुणगौरव अथवा शुद्धलेखन यांपैकी एखादा विषय माझ्या वाट्यास येईल, अशी माझी समजूत होती. त्यांनी सांगितलेला विषय ऐकून मी क्षणभर चकित झालो. मोबाईलवरून, म्हणजे ज्याला आपण ऑनलाईन म्हणतो त्या मार्गाने, माल विकताना त्याचे वर्णन कसे लिहावे याविषयी आपल्या समाजातील भगिनी व तरुण मंडळी जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे मी द्यावीत अशी त्यांची इच्छा होती. मी जन्मभर मराठी शाळेत फळ्यापुढे उभा राहिलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. व्यापार मी कधी केला नाही. तथापि गेली काही वर्षे माझी धाकटी सून घरबसल्या साड्या विकते आणि त्या साड्यांखाली द्यावयाचा मजकूर लिहिण्याचे काम तिने माझ्यावर सोपविले आहे. या कामात मी एक मोठी चूक केली. आज तुमच्यापुढे बोलण्याचा जो काही अधिकार मला आहे तो त्या चुकीने दिलेला आहे, असे मी समजतो.

प्रथम या लेखनाचे प्रयोजन काय ते पाहू. पूर्वी गिऱ्हाईक दुकानी येत असे. गादीवर बसून ते साडीचा पोत अंगठा आणि बोट यांत धरून पाही, पदर उलटा करी, रंग खरा कसा दिसतो हे पाहण्यासाठी साडी दाराशी उजेडात नेई, मग भाव विचारी आणि घासाघीस करी. दुकानदार समोर बसून एकेका प्रश्नाचे उत्तर देई. आज ती बाई दोनशे कोसांवर आहे. तिच्यापुढे तळहाताएवढे चित्र आहे. तिला बोट लावता येत नाही, पदर उलटता येत नाही. तिच्या मनात प्रश्न मात्र तेच आहेत. ते तिने विचारण्यापूर्वीच त्यांची उत्तरे लिहून ठेवणे, एवढेच विक्रीच्या मजकुराचे काम. उत्तर न मिळाल्यास ती विचारीत बसत नाही. अंगठा सरकविते आणि दुसऱ्याची साडी पाहू लागते.

हा प्रकार अगदीच नवा आहे असेही समजू नये. जुन्या मासिकांतील जाहिराती वाचून लोक व्ही. पी. ने वस्तू मागवीत असत, हे आपल्यातील वयस्क मंडळींना आठवत असेल. अमेरिकेत शिकागो येथे आरन माँटगोमेरी वॉर्ड या गृहस्थाने १८७२ साली खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांना टपालाने माल विकण्यास प्रारंभ केला. न पाहिलेल्या दुकानदाराला पैसे कसे पाठवावेत, ही लोकांची शंका होती. म्हणून १८७५ साली त्याने माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी छापली. आपल्याकडेही असेच उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमीन बिघडेल या भीतीने शेतकरी त्याला हात लावीत नसत. ती भीती नांगराच्या स्तुतीने जाण्यासारखी नव्हती. समजावून सांगण्याने जाण्यासारखी होती. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र सुरू केले आणि त्यातूनच मराठीतील एक नामांकित मासिक उभे राहिले. तात्पर्य, दूरच्या गिऱ्हाइकाची शंका ओळखणे आणि तिचे निरसन करणे हे या विद्येचे मूळ आहे, आणि ते जुनेच आहे.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या घरी एक हातमाग अद्याप चालू आहे. माझा पुतण्या त्यावर पैठणी विणतो. सुनेने प्रथम त्याच्याच साड्या विकावयास घेतल्या. मागणी वाढली, परंतु एका मागावर साड्या निघून निघून किती निघणार? तेव्हा तिने व्यापाऱ्याकडून यंत्रमागावरील साड्याही आणण्यास प्रारंभ केला. त्यात वावगे काहीच नव्हते. मी मात्र सर्व साड्यांसाठी एकच ठराविक मजकूर तयार करून ठेविला होता. त्याचा आरंभ ‘येवल्याच्या विणकराच्या हातमागावरील अस्सल पैठणी’ असा होता. नव्या साड्या आल्या तेव्हा मी फक्त रंग आणि किंमत बदलली. पहिले वाक्य तसेच राहू दिले. खोटे लिहावे असा माझा हेतू नव्हता. परंतु ते वाक्य वाचून मला खटकले होते आणि तरीही मी ते राहू दिले, हेही तितकेच खरे आहे.

काही दिवसांनी विदर्भातील एका बाईंचा निरोप आला. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी ४,२०० रुपयांची साडी मागविली होती. त्यांनी लिहिले होते, “साडी सुरेख आहे. लग्न परवावर आले असल्यामुळे मी ती परत करीत नाही. परंतु पदर उलटून पाहिला तर मागे सुटे धागे कापलेले दिसतात. ही हातमागाची नव्हे. तुमच्या मजकुरातील पहिले वाक्य खोटे आहे, ते कृपा करून पुसून टाका.” त्या निरोपात एकही कठोर शब्द नव्हता. सुनेने तो मला वाचून दाखविला आणि म्हणाली, “अप्पा, आता यांना काय उत्तर द्यायचे?” आयुष्यभर मुलांच्या वहीतील चुकांवर तांबडी रेघ मारणाऱ्या मला त्या दिवशी प्रथमच माझी वही दुसऱ्याच्या हाती गेल्यासारखे वाटले.

आम्ही क्षमा मागितली, किमतीतील काही रक्कम परत पाठविली आणि वाक्य पुसले. मला वाटले, प्रकरण मिटले. परंतु सायंकाळी पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “अप्पा, त्या बाईंचे नुकसान तुम्ही भरून दिले, पण माझे काय? मी ४० दिवस मागावर बसतो आणि माझी साडी १४,५०० रुपयांना जाते. तुम्ही त्याच नावाची साडी ४,२०० ला लिहिली. आता वाचणारा म्हणणार, हातमागाची पैठणी ४,२०० ला मिळते, मग हा मनुष्य आम्हांस लुबाडतो आहे.”

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खोट्या मजकुराने गिऱ्हाईक फसते एवढेच मला ठाऊक होते. त्याने आपल्याच घरातील विणकराच्या श्रमाचे मोल उतरते, हे मला त्या दिवशी कळले. ‘हातमाग’ हा शब्दच त्याचे भांडवल. तो शब्द आपण सर्वांनी मिळून स्वस्त केला, तर त्याच्या मागाला कोण वाचविणार?

या पार्श्वभूमीवर आता तुम्ही विचारीत असलेल्या प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न सर्वच जण विचारतात : मजकूर किती लांब असावा? माझे उत्तर असे की, गिऱ्हाइकाचे प्रश्न संपतील तेथे मजकूर संपवावा. यासाठी एक साधी युक्ती करावी. एक वही घ्यावी आणि महिनाभर ग्राहकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न तीत टिपून ठेवावा. आमच्या वहीत पाच-सहाच प्रश्न फिरून फिरून आले : साडी रेशमाची आहे की नाही? जर कसली? लांबी किती, ब्लाऊजपीस आहे काय? रंग फोटोत दिसतो तसाच आहे काय? किती दिवसांत पोचेल? पसंत न पडल्यास परत घ्याल काय? या प्रश्नांची उत्तरे ज्यात आली तो मजकूर पुरेसा लांब झाला. ज्यात ती नाहीत तो पानभर असला तरी अपुराच. मात्र मोबाईलवर आरंभीच्या दोन ओळीच काय त्या प्रथम दिसतात. म्हणून वस्तू कोणती, कशाची आणि काय किमतीची हे त्या दोन ओळींत आलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न मथळ्याचा. आपल्या भगिनींना साडीला ‘मनमोहिनी’, ‘राजलक्ष्मी’ अशी नावे देण्याची हौस असते. हौस असावी, परंतु मोबाईलवर शोध घेणारी बाई ‘मनमोहिनी’ असे लिहून शोधीत नाही. ती ‘जांभळी पैठणी हातमाग’ असे लिहिते. म्हणून मथळ्यात वस्तूचे नाव, रंग, माग आणि गाव हीच यावीत. काही ग्राहक देवनागरीत शोधतात, काही रोमन लिपीत. सबब वस्तूचे नाव मजकुरात दोन्ही लिप्यांत एकेकदा द्यावे. तेच शब्द दहा वेळा घुसडू नयेत. वाचणाऱ्यास त्याचा वीट येतो.

तिसरा प्रश्न : विशेषणे वापरावीत की नाही? मी मुलांना निबंध शिकविताना विशेषणे वापरावयास सांगत असे, हे मी कबूल करतो. येथे मात्र नेमका उलटा सल्ला देतो. ‘अप्रतिम’, ‘नयनरम्य’, ‘सर्वोत्कृष्ट’ हे शब्द प्रत्येक साडीखाली असतात, म्हणून त्यांतून कोणत्याच साडीची ओळख पटत नाही. त्याऐवजी मागावर काय घडते ते लिहावे. हातमागाच्या पैठणीत पदरावरील मोर, मुनिया अथवा कमळ हे रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्यांनी, एकेक रंग दुसऱ्या रंगात गुंतवून विणलेले असते. म्हणून पदर उलटा केला तरी चित्र सारखेच दिसते. यंत्रमागावरील साडीत नक्षीचे धागे मागल्या बाजूस मोकळे राहतात किंवा कापलेले असतात. ही माहिती आपल्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच ती लिहावी असे आपणांस सुचत नाही. दूरच्या गिऱ्हाइकाला मात्र ती दहा विशेषणांहून अधिक मोलाची वाटते. मजकुराबरोबर पदराच्या उलट्या बाजूचा फोटो अवश्य द्यावा. असा फोटो ज्याला लपवावा लागत नाही त्यानेच ‘हातमाग’ हा शब्द लिहावा.

याला जोडूनच चौथा प्रश्न येतो : यंत्रमागाची साडी विकताना तसे लिहिले तर कोण घेईल? बंधूंनो, यंत्रमाग हे काही पाप नव्हे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथे यंत्रमागावर हजारो कुटुंबांची चूल पेटते. त्यांत आपलेही आप्त आहेत. ४,२०० रुपयांची सुंदर साडी हवी असलेली बाई पुष्कळ आहे आणि तिला तीच द्यावी. ‘यंत्रमागावरील, पैठणीच्या धर्तीची, वजनाने हलकी, रोजच्या समारंभास सोयीची’ असे स्वच्छ लिहावे. आम्ही तसे लिहू लागलो तेव्हा काही गिऱ्हाईक गेले, हे मी लपवीत नाही. पहिले दोन महिने सुनेच्या मिळकतीत चांगलाच फरक पडला. परंतु साड्या परत येणे जवळजवळ थांबले, आणि ‘हातमाग’ म्हणून लिहिलेल्या साडीविषयी शंका घेणारे निरोपही कमी झाले.

पाचवा प्रश्न : दोष सांगावा काय? अवश्य सांगावा, आणि आरंभीच सांगावा. हाताने विणलेल्या वस्त्रात एखादी गाठ, रंगाची किंचित फिकी छटा, काठाची सूतभर ओढ राहते. ती आधी लिहिली तर गिऱ्हाईक तिला हाताची खूण मानते. घरी पोचल्यावर तिला ती आपणहून सापडली, तर ती फसवणूक ठरते. जरीच्या बाबतीतही हेच. खरी जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असते आणि ती फार महाग पडते. आज बाजारातील बहुतेक साड्यांना तांब्याची अथवा त्याहून हलकी जर असते. तसे असेल तर ‘सोनेरी जर’ एवढेच लिहून संदिग्धता ठेवू नये. ‘जर तांब्याची, रंग सोनेरी’ असे लिहावे.

सहावा प्रश्न किमतीचा : किंमत लिहावी की ‘किमतीसाठी निरोप पाठवा’ असे म्हणावे? पुष्कळ भगिनींची अशी समजूत असते की निरोपाच्या निमित्ताने गिऱ्हाईक बोलते होते. माझा अनुभव वेगळा आहे. संकोची मनुष्य किंमत विचारीत नाही. न विचारताच निघून जातो. शिवाय माणूस पाहून किंमत सांगितली जाते, असा संशय येतो. सबब किंमत लिहावी, टपालखर्च तीत धरला आहे की वेगळा आहे तेही लिहावे, आणि किंमत अधिक असल्यास ती का अधिक आहे हे एका वाक्यात सांगावे. ‘एका विणकराचे ४० दिवस’ हे वाक्य १४,५०० या आकड्याशेजारी आले की तो आकडा निराळाच दिसू लागतो.

सातवा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली करतात : ग्राहकांचे चार चांगले अभिप्राय आपणच लिहून टाकले तर काय बिघडते? आणि ‘आजचा शेवटचा दिवस’, ‘दोनच साड्या उरल्या’ असे लिहिले तर? बिघडते ते हे की, एक तर हे असत्य आहे आणि दुसरे म्हणजे आता कायद्यानेही वर्ज्य आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनी, नियमित व्यवसाय म्हणून विक्री करणाऱ्यावर बंधने घातली आहेत. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नये. जाहिरातीतील वर्णन मालाच्या वास्तविक गुणांशी जुळणारे असावे. आणि वर्णनाप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास नकार देऊ नये, असे त्या नियमांत सांगितले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, ग्राहकाला खोटी घाई लावणे हा अनुचित प्रकार म्हणून नमूद केलेला आहे. म्हणजे माझ्या त्या पहिल्या वाक्याबद्दल त्या बाई माझ्यावर रीतसर तक्रार करू शकल्या असत्या. खरोखरच दोन साड्या उरल्या असतील तर तसे लिहिण्यास काहीच हरकत नाही. साड्या संपल्यावर मात्र ते वाक्य काढावयास विसरू नये.

आठवा प्रश्न : दुसऱ्याचा चांगला मजकूर अथवा फोटो उचलला तर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख आणि छायाचित्र ही ज्याची त्याच्या मालकीची असतात. कायदा बाजूस ठेवला तरी, दुसऱ्याच्या साडीचा फोटो लावून आपली साडी पाठविणे म्हणजे एक मुलगी दाखवून दुसरीचे लग्न लावण्यासारखे आहे. त्याचा शेवट आपणांस ठाऊकच आहे.

नववा प्रश्न आजच्या तरुणांचा : कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की मजकूर क्षणार्धात तयार होतो, मग आपण कशाला श्रम घ्यावेत? मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला. नातवाने फोनला सांगितले आणि त्याने माझ्या निम्म्या वेळातही नव्हे, पापणी लवते न लवते तोच वीस ओळी लिहून दिल्या. भाषा नीटनेटकी होती. परंतु त्यात शुद्ध सोन्याची जर आली होती, राजघराण्याची परंपरा आली होती, आणि आमच्या साडीतील जांभळ्या रंगाची फिकी छटा मात्र कोठेच नव्हती. त्या यंत्राचा दोष नाही. त्याने आमची साडी पाहिली नव्हती आणि आम्ही त्याला काही सांगितलेही नव्हते. म्हणून माझा सल्ला असा : माहिती आपण लिहावी, हिंदी-इंग्रजी भाषांतरासाठी वा शुद्धलेखन तपासण्यासाठी यंत्राचे साह्य घ्यावे, आणि त्याने दिलेले प्रत्येक वाक्य साडी समोर ठेवून वाचावे. जे वाक्य साडीत दिसत नाही ते खोडावे.

दहावा प्रश्न शिक्क्यांचा. रेशमासाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे, आणि १९९९ च्या कायद्यान्वये पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या चिन्हांचे चित्र वाटेल त्याने आपल्या मजकुरावर डकवावयाचे नसते. त्यासाठी रीतसर नोंदणी करावी लागते. भौगोलिक मानांकनाच्या बाबतीत तर प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. ज्यांचे माग चालू आहेत त्यांनी ही नोंदणी अवश्य करावी, कारण आपल्या शब्दाला त्यामुळे बाहेरची साक्ष मिळते. ज्यांनी नोंदणी केलेली नाही त्यांनी ते चिन्ह वापरू नये.

आता नुसते नियम सांगून भागत नाही, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावे लागते. पुतण्याच्या साडीखाली हल्ली आम्ही जो मजकूर देतो तो वाचून दाखवितो :

“जांभळी पैठणी, हातमागावरील, येवले. किंमत १४,५०० रुपये, टपालखर्चासह. अंग जांभळे, काठ व पदर हिरवा. ताणा आणि बाणा दोन्ही रेशमाचे. जर तांब्याची, रंग सोनेरी, चांदीची नव्हे. लांबी साडेपाच मीटर, शिवाय ब्लाऊजपीस ८० सेंटीमीटर. पन्हा ४६ इंच. सहावारी आहे, नऊवारी नव्हे. पदरावर मोर, पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलट्या बाजूचा फोटो सोबत आहे. आमच्या घरच्या मागावर एका विणकराने ४० दिवसांत विणली. पदरापासून हातभर अंतरावर जांभळ्या रंगाची छटा किंचित फिकी आहे, तिचाही फोटो दिला आहे. फोटो दिवसाच्या उजेडात काढले आहेत. घरी पाण्यात धुऊ नये. पोचल्यापासून ८ दिवसांत, न नेसता, परत घेऊ.”

यात काव्य नाही. एकही उद्गारचिन्ह नाही. परंतु दुकानाच्या गादीवर बसून बाई जे जे विचारील ते ते सर्व यात आहे. सुनेला प्रथम हा मजकूर फार रुक्ष वाटला. “अप्पा, हे तर शाळेच्या दाखल्यासारखे झाले,” असे ती म्हणाली. मी म्हटले, “सूनबाई, दाखल्यावर लोक विश्वास ठेवतात.” तरीही तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, म्हणून शेवटी तिने आपले एक वाक्य घातले : “ही साडी मी स्वतः घडी घालून पाठविते, काही शंका असल्यास मला विचारा.” ते वाक्य मला सुचले नसते. पुष्कळ ग्राहक त्या वाक्याचा उल्लेख करून निरोप पाठवितात.

मंडळापुढे मी एक विनंती ठेवू इच्छितो. आपल्या ज्ञातीतील जी जी कुटुंबे मोबाईलवरून कापड विकतात त्या सर्वांनी तीन गोष्टी ठळकपणे लिहिण्याचे ठरवावे : माग कोणता, सूत कोणते आणि जर कोणती. एकट्याने हे केले तर पहिले काही महिने त्याचे नुकसान होते, ते मी पाहिले आहे. सर्वांनी मिळून केले तर हे तीन शब्द जेथे नाहीत तेथे गिऱ्हाईक आपण होऊन विचारू लागेल. मग ज्याला उत्तर देता येत नाही त्याची पंचाईत होईल, माग चालविणाऱ्याची होणार नाही. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा आणि भगिनींसाठी अशा लेखनाचा एखादा वर्ग घ्यावा. शिकविण्यास मी विनामूल्य येईन.

आपल्या परंपरेत भगवान जिव्हेश्वरांचा जन्म शंकराच्या जिव्हेतून झाला असे सांगतात, आणि त्यांनीच वस्त्र विणण्याची कला दिली असे आपण मानतो. लहानपणी मला याचे नवल वाटे. वस्त्र विणणारा देव हातातून जन्मावयास हवा होता, जिभेतून कसा जन्मला? त्या विदर्भातील बाईंचा निरोप आल्यापासून मी या गोष्टीचा पुन्हा पुन्हा विचार करतो. आपल्या पूर्वजांना माग आणि जीभ यांचे नाते ठाऊक असले पाहिजे. पुतण्याचा माग आज चालू आहे. उद्या तो चालेल की नाही, हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यांतील बहुतेक माझ्या हातात नाहीत. त्याच्या साडीखाली मी काय लिहितो, एवढे मात्र माझ्या हातात आहे.

 

जय जिव्हेश्वर.